चौकातलं कारंजं

"हॅलो?… हो कूम, मीच… छे, राग कसला? मोठ्या पदावर काम केलेल्या माणसाला राग शोभत नाही. पद येतं, पद जातं, आपण आपला तोल… कोण ओरडतंय? मी? मी नाही ओरडत, रादिसाव! माझा आवाजच असा आहे!"

देसांकानं शेजाऱ्यांसाठी खिडकी लावून घेतली. दक्षिण सर्बियातल्या त्या लहानशा शहरात ती पाणीपुरवठा कंपनीची प्रभारी संचालक होती. नेमणूक तात्पुरती, असं कागदावर होतं, आणि त्या तात्पुरतेपणात तिचे केस पिकले. काल कायमची नेमणूक जाहीर झाली. तिची नव्हे. रादिसाव तिचा कूम, म्हणजे तिच्या लग्नातला साक्षीदार, सख्ख्या भावाहून जवळचा. पक्षाचा शहरप्रमुखही तोच.

"बोल, ऐकतेय… नाही, आधी मी बोलणार! सगळ्या गावात तुला गोइकोच सापडला?… लग्नाचा हॉल चालवतो म्हणून?… 'व्यवस्थापनाचा अनुभव'! अरे, वऱ्हाडाला सूप वाढणं आणि शहराला पाणी देणं एकच का?… हो, सूप गरम होतं, भाच्याच्या लग्नात जेवलेय मी… आणि पदवी? ती कुठून आणली?… कुठलं विद्यापीठ?… ते पेट्रोल पंपाच्या वरचं? वा!

"माझ्या स्वयंपाकघरात, मी घरी गाळलेली राकिया पीत तू काय म्हणाला होतास? 'देसा, खुर्ची तुझीच.' आणि शेवटी माझ्याच तोंडाला पानं पुसलीस… परिस्थिती बदलली? काय बदललं?… काय? कारंजं?… त्या कारंज्यापायी?"

निवडणुकीआधी चौकातलं कारंजं उडालंच पाहिजे, असा तिथला रिवाज. पण वरच्या आळीची जलवाहिनी जुनी, कुजकी. दाब वाढवला की फुटणार. म्हणून कारंज्याच्या कागदावर देसांका सही करत नव्हती.

"मी आडमुठी? बरं, आडमुठी… गोइकोनं केली सही? कधी?… आज सकाळी? खुर्ची गरम तरी होऊ द्यायची!… बँडही होता?… कुठवर उडालं?… चर्चच्या घड्याळापर्यंत! छान. मग मला कशाला फोन?… स्लावाला का नाही आले? माहितीये रे, तुझ्या कुळाच्या संताचा सण आहे. माहितीये, स्लावाला बोलावणं नसतं, आपणहून जायचं असतं. दर वर्षी येतेच की! आज नाही येणार… भाजलेलं कोकरू थंड होतंय? होऊ दे… वेस्नावहिनीला सांग, तिच्याशी माझं भांडण नाही… कोण आलंय?… गोइको? आणि बसलाय कुठे? माझ्या जागेवर?… तिथेही?

"काय?… थांब, पुन्हा सांग… नळाला पाणी नाही? फक्त तुझ्याकडे?… अख्ख्या वरच्या आळीत! पाहुणे किती?… अगंबाई. आणि संडास?… अरेरे… म्हणजे तू माझी समजूत काढायला फोन नाही केलास! मग आधीच का नाही बोललास?… मी बोलू दिलं नाही? बरं, तेही खरं.

"गोइको काय करतोय?… कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन लावतोय? लागला का?… वाजतोय? कुठे?… त्याच्याच खिशात!… हसत नाहीये मी, खोकला आहे… अरे, तो फोन संचालकाकडेच असतो, त्याला कुणी सांगितलं नाही का?

"नाही, कूम. मी येणार नाही… वाहिनी कुठून बंद करायची, ते मला ठाऊक आहे. सांगणारही नाही… शहराचा विचार? इतकी वर्षं तेच केलं, शहरानं माझा केला का?… कूमपणाची शपथ घालू नकोस!… घाल, खुशाल घाल! संचालकसाहेबांना म्हणावं, बादल्या उचला. वाढपी आहेतच की त्यांच्याकडे!… नाही म्हणजे नाही! आणि सणाच्या शुभेच्छा!"

तिनं फोन आपटला. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. आता कुणाच्या शहराची काळजी न करता निवांत कॉफी घ्यावी, म्हणून तिनं लांब दांड्याचं भांडं काढलं, ओट्याशी गेली आणि नळ सोडला.

तीही वरच्या आळीतच राहायची.