शाहूवाडीच्या सरांचा पीसी

नवा पीसी जोडायचा की जुनाच सुधारून घ्यायचा, असं कुणी विचारलं की हल्ली मी पटकन बोलत नाही. का, ते सांगतो.

गेल्या वर्षी शाहूवाडीचे एक निवृत्त सर आपला जुना पीसी घेऊन माझ्या दुकानात आले. त्यांच्या भागातल्या जुन्या भाताच्या जाती ते फोटोंसकट लिहून ठेवत होते. पण चार फोटो उघडले की मशीन गपगार.

मी खोलून बघितलं आणि म्हटलं, "सर, ह्यात काय राम न्हाय. नवीन जोडून देतो, आठ-दहा वर्षं बघायला नको."

"आणि हाच सुधारला तर?"

"रॅम वाढवून एसएसडी टाकली तर कशीबशी दोन वर्षं."

"मग हाच कर की."

मला वाटलं, सर जरा चिकट हायत. म्हटलं, "अवो, दोन वर्षांनी परत माझ्याकडंच यायला लागंल."

"न्हाय येत," ते शांतपणे म्हणाले. "डॉक्टरनी मला तेवढी दिलेली न्हाईत."

मी त्याच दिवशी काम करून दिलं.

चार महिन्यांनी त्यांच्या मिसेसचा फोन आला.

"ह्ये परवा गेलं," काकी म्हणाल्या. "सकाळी लिवायला बसलं हुतं. कंप्युटर तवापास्नं चालूच हाय. घरात कुणाला त्यातलं कळत न्हाय. बंद कसा करायचा, तेवढं सांगा."