झांजा टोचतात

कानाच्या दवाखान्यात मागच्या बाकावर नवरा-बायको बोलत होते. पुढच्या बाईंनी मासिकाचं पान उलटायचं तसंच ठेवलं.

“तीस वर्षं गाणी लिहिली, चाली बांधल्या, रेकॉर्डिंगही मीच केलं. कुणी बोट ठेवलं नाही. आणि ही कालची गायिका म्हणते, झांजा टोचतात.”

“टोचतातच. गेल्या चार गाण्यांत तुम्ही त्या वाढवतच चाललात.”

“मला कमी वाटतात गं. तुझी पावलं ऐकू येतात, पैंजण ऐकू येत नाहीत.”

“म्हणून तर इथे आणलं.”

“काम सोडावं लागेल?”

“सोडता कशाला? मी शेजारी बसेन. टोचलं की सांगेन.”

“जन्मभर तुझं ऐकलं नाही, आता ऐकेन?”

“म्हणूनच बोलणार नाही. नुसता हात दाबेन.”