मोबाइल एकीचा, बोटं दुसरीची

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या समोरच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. वहिनींचा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून त्यांचा मोबाइल नणंदेच्या हातात.

"वहिनी, गेममधल्या गावाने तुला प्रमुख निवडलंय. आजच उपप्रमुख नेमायचाय. माझं नाव टाकते."

"थांब. 'खडूस काका' लिही."

"तुझ्याविरुद्ध उभा राहून पडला तो?"

"माझा हात मोडला तेव्हा गेममधल्या माझ्या शेताला त्यानेच पाणी घातलं. मतं मागतानाही त्याने ते बोलून दाखवलं नाही."

"आणि तुझा प्रचार कुणी केला? एकेक निरोप मी टाइप केलाय."

"म्हणून तर अर्ध्या गावाला वाटतं, मी भांडकुदळ आहे."

"म्हणजे मी कामापुरता मामा."

"अगं, मी नसताना गाव सांभाळतो तो उपप्रमुख. तू तर मलाच सांभाळलंस. रोज माझी वेणी कोण घालत होतं?"

"गोड बोलू नकोस. हे घे, लिहिलं. खडूस काका."

आतून वहिनींना हाक आली. प्लास्टर आज निघणार होतं.

"हात मोकळा झाला की आधी गेमच उघडशील."

"आधी तुझी वेणी घालेन. माझ्या नादात स्वतःचे केस बघ कसे ठेवलेस."