ओमेरची दाढी

— आहे हो, खुंटीवरच आहे तुमची टोपी, पळून नाही जात. या दुकानात वॉशिंग्टनच्या संघाची लाल टोपी घालून कुणी बसलं की माझा हात हलतो, आणि गळा तुमचा आहे, म्हणून काढायला लावली. बोलू नका, फेस तोंडात जाईल. वरच्या तिबोदोबाईंचे जावई ना तुम्ही? कळलं मला. वॉशिंग्टनहून सासुरवाडीला आलात, बुधवारी तुमचा बेसबॉलचा संघ वर्ल्ड सिरीज जिंकला, आणि आता महिनाभराची दाढी उतरवायचीय. चांगली रीत आहे. ती आमचीच, इथल्या हॉकीवाल्यांची — संघ बादफेरीत असेतो वस्तरा लावायचा नाही. आणि तुमचा तो संघ, तोही आमचाच. छत्तीस हंगाम इथं माँत्रियालात खेळला. बादफेरीत किती वेळा पोचला? एकदा. एक्क्याऐंशी साली. मी आणि ओमेर — माझा थोरला भाऊ — पलीकडच्या त्या स्टेडियमात कुडकुडत बसलो होतो. सोमवार, शेवटचा डाव, बरोबरी, आणि लॉस एंजेलिसच्या एकानं चेंडू मारला तो थेट भिंतीपलीकडे. संपलं. ओमेरचा अजून दर सोमवारी चेहरा पडलेला असतो.

मग चौऱ्याण्णव. सगळ्यांच्या पुढे होतो आम्ही, न्यूयॉर्कच्यासुद्धा — आणि ऑगस्टात खेळाडूंचा संप. हंगामच बंद. त्या साली वर्ल्ड सिरीज झालीच नाही, बोला आता — नका बोलू. ओमेर म्हणाला, आपला संघ वर्ल्ड सिरीज जिंकेपर्यंत मी दाढीला हात लावणार नाही. मी हसलो. न्हाव्याचा भाऊ आणि छातीपर्यंत दाढी, गिऱ्हाइकं काय म्हणतील? दहा वर्षांनी संघच उचलून तुमच्याकडे नेला. म्हटलं, ओमेर, संघ गेला, ये, बस खुर्चीत. तर म्हणतो, मुलगी लग्न होऊन लांब गेली म्हणून ती आपली नाही का? म्हटलं, ती आपलं आडनावसुद्धा सांगत नाही रे. पण ऐकेल तर ओमेर कसला. बारा साली तुमचे लोक सहा धावांनी पुढे असून हरले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पुढेही तेच, तीन वेळा बादफेरीत गेले आणि पहिल्याच फेरीत घरी आले. तो डोकं धरून बसायचा, आणि मी त्याला मुद्दाम फोन करायचो, काय रे, मुलगी कशी आहे? —

वाजू द्या. फोनच आहे. मान इकडे करा.

तर आता जिंकलात. आणि गुरुवारी सकाळी लिसेतचा फोन, माझ्या भावजयीचा. ओमेर सप्टेंबरपासून दवाखान्यात आहे, पोटाचं काहीतरी — काहीतरी कसलं, माहितीय मला काय ते. म्हणाली, तो म्हणतोय, नॉर्माँला सांग, वस्तरा घेऊन ये. मी काय म्हणालो? म्हणालो, त्याला सांग, जिंकलं ते वॉशिंग्टन, आपला संघ नव्हे. आणि ठेवला फोन. आज शनिवार. असे का बघताय आरशातून? नर्स करेल की. तिथं रोज करतात. पण त्याला माझ्याच हातची पाहिजे.

हलू नका. पंचवीस वर्षांची दाढी आहे ती, साहेब. ती आहे तोवर तो वाट बघतोय, आणि वाट बघणारा माणूस कुठं जात नाही. उतरवली की म्हणेल, झालं, जिंकलो, आणि भिंतीकडे तोंड करेल. ओळखतो मी त्याला. या ऑक्टोबरात मी सेंट जोसेफपुढे मेणबत्त्या लावल्या, वॉशिंग्टन हरू दे म्हणून. लोकांना वाटलं, नॉर्माँचा राग अजून गेला नाही. राग कसला? भीती वाटते मला. माझ्या हातानं कशी उतरवू मी ती? आणि तुम्ही जिंकलात, तेही चारही सामने दुसऱ्याच्या घरी जाऊन —

पुन्हा. थांबा जरा, घेतो. — हं, लिसेत. हं. तो जागा आहे का? — काय म्हणतोय? — बरं. त्याला म्हणावं, नॉर्माँ म्हणतोय, मुलगी आपलीच आहे. असंच सांग, समजेल त्याला. आणि पाणी गरम मागून ठेव. उद्या नाही, आत्ता येतोय.

उठा साहेब. हो, एकच गाल झालाय, दिसतंय मला. हा टॉवेल घ्या, समोरच्या इटालियनकडे जा, नॉर्माँनं पाठवलंय म्हणा. हसेल तो, हसू द्या. माझा वस्तरा, पट्टा, साबण — आणि ती टोपी, नाही, तुम्ही नका घालू, द्या इकडे. त्याच्याकडे आमच्या माँत्रियालच्या संघाची जुनी तिरंगी टोपी आहे, ही लाल मी त्याला कधी घेऊ दिली नाही. आरशात बघताना डोक्यावर हीच पाहिजे त्याला. उद्या आणून देईन. नाही आणली, तर मागायला येऊ नका.

दार ओढून घ्या.