वीस दांडे पाट

हॅलो?… हॅलो! हो, हो, मीच, मीरगुल. आधी मला सांगा, पाणी हुकलं तर गावी येतो म्हणाला होतात, त्याचं तिकीट काढलंत का?… नाही ना? मग काढू नका. पाणी मिळालं आपल्याला!

अहो, मिळालं म्हणते ना! आज आपली पाळी. आत्ता बटाट्याच्या वावरात उभी आहे, घोट्यापर्यंत चिखलात. जीव भांड्यात पडला बाई माझा…

सांगते, सांगते. मध्ये बोलू नका… काल पाटाचा गाळ काढायचा दिवस होता. कमाल पाटकऱ्याचं नेहमीचंच. घरटी एक तुकडा, दिवस मावळायच्या आत उपसायचा. ज्याचा राहिला त्याला उन्हाळाभर पाणी नाही… कोण म्हणजे? मीच गेले, फावडं घेऊन… त्या दिवशी पुरुष गाळ उपसतात नि बायका पुलाव शिजवतात, हे मलाही ठाऊक आहे हो! पण आपल्या घरात पुरुष आहे कुठे? तो बसलाय मॉस्कोत विटा रचत.

नाही, चिडत नाही. ऐका तर. तुम्ही काय सांगितलं होतं? ‘अक्रोडाच्या झाडापासून खाली, फावड्याचे वीस दांडे मोज.’ हो ना?… ते झाड दोन वर्षांपूर्वीच तोडलं म्हणे! मला काय स्वप्न पडलं होतं? मी आपलं पुढचं अक्रोड धरलं आणि दिवसभर उपसलं… कुणाचं? सापार आजोबांचं!

हसा, हसा… कोण सांगणार? त्या बाजूला होतंच कोण? गावातली तरणी पोरं सगळी तिकडे तुमच्याकडे.

मग ऊन कलल्यावर पाटकरी येऊन म्हणतो, ‘मीरगुल, तुझा तुकडा तसाच आहे गं.’ हातांना हे एवढाले फोड आलेले… बसले तिथेच मातीत. रडले… हो, सगळ्यांसमोर. बटाटे गेले, जर्दाळू गेले, एवढंच दिसत होतं डोळ्यांपुढे.

थांबा ना, तेच सांगतेय. तेवढ्यात आजोबा आले. त्यांचे तिन्ही मुलगे बाहेर, कंबर धरलेली. यंदाच्या पाण्याची आशा सोडलीच होती त्यांनी. स्वतःचा तुकडा स्वच्छ झालेला बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि फावडं घेऊन माझ्या तुकड्यात उतरले… अहो, ऐंशीचे आहेत ते!

मग काय! पाटकऱ्यालाच कसंनुसं झालं. हातातली काठी टाकून तोही उतरला. ते बघून उर्मात वहिनी कढई सोडून धावल्या, त्यांच्यामागे सगळ्याच बायका… हो, दिवस बुडायच्या आत! लख्ख!

पुलाव?… करपला की! तरी खाल्ला सगळ्यांनी. पाटकऱ्यानं तर दोनदा मागून घेतला, बोलणार कुठल्या तोंडानं?

हं?… नको, काम सोडून येऊ नका… काय म्हणालात? पुढच्या वर्षी तुम्ही उतरणार? उतरा की. पण आपला तुकडा कुठला, ठाऊक आहे का तुम्हाला?… नाही ना? मग मी दाखवीन.

हॅलो?… काय? गावाला परका झालो म्हणता?… अहो… तसं नाही म्हणाले मी… ऐका ना. या तुम्ही. जर्दाळू पिकले की या. कामासाठी नको, पाण्यासाठी नको, नुसतेच या…

अगंबाई, बांध फुटला! ठेवते, ठेवते!