लॅपटॉप कुणी उघडला?

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात, लॅपटॉप दुरुस्तीच्या एका दुकानात रीम रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं, आणि आजीबाईंच्या तोंडाचा पट्टा काही थांबत नव्हता.

“मेमरी तेवढी वाढवून आणा म्हटलं होतं. उघडायला कुणी सांगितलं?”

“अगं, पंख्यात धूळ साचली होती. तापून सारखा अडकायचा. ऑनलाइन शिकवताना तुझा आवाज तुटायचा.”

“जन्मभर ट्रॅक्टर उघडलेत तुम्ही. हा काय ट्रॅक्टर आहे?”

“स्क्रू तर सगळे परत लावले मी.”

“मग चालू का होत नाही? संध्याकाळी फ्रान्समधली पोरं वर्गाला बसतील. त्यांना काय सांगू, बाईंच्या नवऱ्याला हौस आली होती?”

“सलूहा, हळू बोल. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत!”

त्यांचा नंबर आला. दुकानदार अनीसने झाकण काढलं, आत बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला.

“प्रोसेसर गार ठेवायच्या पेस्टऐवजी टूथपेस्ट लावलीय? कुणी?”

म्हातारबुवांनी मान खाली घातली. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“मी लावली,” आजीबाई म्हणाल्या.

“खाला, टूथपेस्ट?”

“तापत होता ना. हे नको नको म्हणत होते, पण मी ऐकते का कुणाचं? होईल ना रे नीट?”

“होईल. पंख्याची वायर निसटलीय, तेवढीच. साफ करून मेमरीही टाकतो.”

“टाक बाबा.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “बसा हो त्या खुर्चीवर. सकाळपासून काही खाल्लेलंही नाही तुम्ही.”