समद्या घराचं मशीन

मंगळवार पेठेतल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक वयस्क नवरा-बायको होते.

"चंदना, कॅनडासनं आपल्या अनेकांतचा फोन आलता."

"काय म्हणतोय?"

"थंडीत हीटर लावला की घरातली हवा लई कोरडी हुतीया. दमट करायचं मशीन घेतोय. खोलीत ठेवायचं बारकं, न्हायतर हीटरलाच जोडून समद्या घराला पुरंल असं."

"बारकं घे म्हणावं. दोघंच तर हायती."

"त्यात रोज पाणी भराय लागतंय. मोठ्याला नळच जोडत्यात."

"मग मोठं घे म्हणावं. माझं डोस्कं नका खाऊ."

"घेतलं की त्यानं. मागल्या खेपंला तुझ्या नाकातनं रगत आलतं, म्हणून."

"मी कुठं चाललोय आता तिकडं?"

"सुनंला दिवस गेल्यात. तिकीट काढलंय."

"दोघांचं?"

"तुझं. हितं म्हशी कोण बघणार?"

"किती म्हयनं?"

"सा."

"अवो, तुमी डॉक्टरांस्नी सांगा. हिला इमानात बसू देऊ नका, असं लिवून द्या म्हणावं."

"तूच सांग की पोराला, येत न्हाई म्हणून."

"मी कसं सांगू? आई हाय मी त्याची."